बडोदा: कामाटी बागेतलं प्राणिसंग्रहालय मुलांना दाखवायचंय

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत नाशिकहून बडोद्याला नणंदेकडे जातोय. सोबत दोन मुलं आणि सासूबाई. मोठ्याला प्राण्यांचं वेड आहे, सासूबाईंना गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. सयाजी बागेतलं प्राणिसंग्रहालय अर्ध्या दिवसात होईल का? मुलांना सांगण्यासारखा काही इतिहास आहे का?

दांडियाबाजार:
ताई, आम्ही बडोदेकर तिला कामाटी बागच म्हणतो. माझं लहानपण तिथेच गेलं. सकाळी लवकर जा. ऊन चढलं की मोठी जनावरं सावली धरून पडून राहतात आणि मुलं हिरमुसतात.

इतिहास तर तुमच्याच जिल्ह्यातून सुरू होतो! ज्यांच्या नावाची ही बाग, ते महाराज सयाजीराव गायकवाड मूळचे मालेगावजवळच्या कवळाण्याचे गोपाळराव. १८७५ मध्ये बडोद्याच्या राणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं, तेव्हा ते १२ वर्षांचे होते. बाग १८७९ची. म्हणजे महाराज सोळा वर्षांचे, कारभार दिवाण टी. माधवरावांकडे, राज्याधिकार मिळाले डिसेंबर १८८१ मध्ये. सगळे नुसतं महाराजांचं नाव घेतात. तुम्ही मुलांना दिवाणांचंही सांगा, त्यांचा तो मान आहे.

आणि मला विचाराल तर बडोद्याचा सगळ्यात मोलाचा प्राणी पिंजऱ्यात नाहीच. बागेलगत विश्वामित्री वाहते, तिच्यात मगरी आहेत. थंडीत काठावर ऊन खायला येतात. अंगावरचा चिखल वाळून पांढुरका झालेला असतो, त्यामुळे आधी ओंडकाच वाटतो. मग उघडा जबडा दिसतो. अंग तापलं की ती तोंड तसंच उघडं ठेवते. काळ्या घोड्याजवळच्या (महाराजांचा घोड्यावरचा पुतळा) पुलावरून लेकाला निवांत शोधू द्या, पण काठावर अजिबात उतरू देऊ नका. ऑगस्ट २०२४च्या पुरात याच मगरी वस्त्यांत शिरल्या होत्या. पकडून पकडून परत सोडाव्या लागल्या. एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध त्या अजून टिकून आहेत, याचा आम्हाला फार अभिमान आहे.

रावपुरा_५:
बागेतलं संग्रहालय चुकवू नका. इमारत १८९४ची. आत निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे, १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला. इजिप्तची ममीही आहे. सासूबाईंना आधी इथे आणा, बाकीची बाग झेपेल तेवढी.

गोदाकाठ:
कवळाण्याचं वाचून सासूबाई एकदम खूश, त्यांचं माहेर मालेगावचं! धाकटीला बागेतल्या झुकझुक गाडीत बसायचंय. ती राजवाड्यातलीच का?

दांडियाबाजार:
नाही, आताची नवी. जुनी गाडी आधी लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात राजघराण्यातल्या मुलांसाठी होती, मग बागेत आली. तिचं इंजिन आता राजवाड्याच्या आवारात फत्तेसिंह संग्रहालयापाशी ठेवलंय. ते दुसऱ्या दिवशी करा. एका दिवसात दोन्ही केलंत तर सासूबाईंचे हाल होतील. आणि हो, बागेतून निघाल्यावर सेव उसळ खा. मुलांसाठी तर्री वेगळी मागून घ्या, तिखट असते.