टूलचे ‘स्किझम’ : मात्रा कशा मोजाव्यात आणि आधी कोणता अल्बम ऐकावा?

खानापूरचा पखवाजी
नमस्कार. गावच्या भजनी मंडळात मी बारा वर्षे पखवाज वाजवतो. पुतण्याने टूल या अमेरिकन बँडचे ‘स्किझम’ ऐकवल्यापासून ते मनातून जात नाही. पण ठेका धरायला गेलो की दर वेळी सम हुकते. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यावर बसलेल्या हाताने हे गाणे कसे मोजावे? आणि त्यांचे अल्बम कोणत्या क्रमाने ऐकावेत?

टिळकवाडीचा श्रोता
आपला हात चुकत नाही, आवर्तनच वेगळे आहे. जस्टिन चान्सेलरने बेस गिटारवर वाजवलेली सुरुवातीची ओळ पाच आणि सात अशा आलटून-पालटून येणाऱ्या गटांत चालते. बेरीज एकतालाइतकीच, म्हणजे बारा. पण एकतालाचे विभाग दोन-दोन मात्रांचे असल्यामुळे तो कान इथे उपयोगी पडत नाही. पाचाच्या आरंभी एक टाळी आणि साताच्या आरंभी दुसरी, एवढेच धरून पाहावे. पुढे मात्र गाण्यात मोजणीच बदलत जाते, आणि आपल्याला खरी अडचण तिथेच येत असावी, कारण तालात सम ठरल्या जागी परत येणारच असा आपला भरवसा असतो. ड्रमवादक डॅनी कॅरी तबला शिकलेला आहे, हे त्याचे वादन ऐकताना ध्यानात ठेवावे.

हे गाणे २००१ च्या ‘लॅटरलस’ अल्बममधले आहे. त्याच नावाच्या गाण्यात शब्दांची अक्षरे १, १, २, ३, ५, ८ अशी वाढतात व पुन्हा ५, ३ अशी उतरतात, आणि ध्रुपदाची मोजणी नऊ, आठ, सात अशी येते. ९८७ हीसुद्धा याच फिबोनाची श्रेणीतली (जिच्यात प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते) संख्या आहे. मात्रावृत्तांचे प्रकार मोजताना जैन आचार्य हेमचंद्राने हीच श्रेणी फिबोनाचीच्या आधी, बाराव्या शतकात मांडली होती, याचा मला फार आनंद वाटतो. म्हणून सुरुवात ‘लॅटरलस’ने करावी, मग मागे १९९६ च्या ‘ॲनिमा’कडे जावे.

निपाणीहून
गणिताबद्दलचे सारे मान्य, पण क्रमाबद्दल माझे मत वेगळे आहे. केवळ मोजत बसले तर टूलचा गायक मेनार्ड जेम्स कीनन याचा आवाज निसटतो. मी २००६ चा ‘१०,००० डेज’ आधी ऐकला, आणि त्यातली ‘विंग्ज फॉर मेरी’ व ‘१०,००० डेज’ ही सलग दोन गाणी, मिळून सुमारे सतरा मिनिटे, मला आजही एका बैठकीत उठू देत नाहीत. कीननची आई पक्षाघातानंतर सुमारे सत्तावीस वर्षे अपंगावस्थेत जगली. शीर्षकातले दहा हजार दिवस ते हेच. त्याच्या दुसऱ्या बँडच्या, म्हणजे अ परफेक्ट सर्कलच्या, २००० सालच्या ‘जुडिथ’ या गाण्यात तो आईच्या श्रद्धेवर संतापला होता. इथे तिच्या निधनानंतर त्याच श्रद्धेपुढे तो नमतो. भजनात बसणाऱ्या माणसाला हा बदल समजावून सांगावा लागणार नाही.

२०१९ चा ‘फिअर इनॉक्युलम’ शेवटी ऐकावा. त्यातली बहुतेक गाणी दहा मिनिटांहून मोठी आहेत, आणि बडा ख्याल ऐकण्याइतका धीर असेल तरच ती उलगडतात.

खानापूरचा पखवाजी
दोघांचेही आभार. काल रात्री पाच-सातची टाळी सुरुवातीच्या भागापुरती जमली. ‘विंग्ज’ मात्र टाळी न देता, दिवा मालवून ऐकले.