चाल बांधायच्या दिवसांत दुसऱ्यांचं संगीत ऐकावं का?

मंद्रसप्तक (धागा सुरू करताना)

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीच्या कवितेला चाल लावत होतो. चार दिवस काहीच सुचेना. पाचव्या दिवशी सकाळी उठलो तो मुखडा डोक्यात तयार. पहिल्या ओळीच्या शेवटी रिषभावरून (रे) थेट पंचमावर (प) उडी आणि मग गंधारावर (ग) येऊन विसावणं. इतकं सहज आलं की अंगावर काटा आला. संध्याकाळी भावाला गाऊन दाखवलं. मी दुसऱ्या ओळीपाशी श्वास घ्यायला थांबलो आणि त्याने पुढची ओळ गायली. त्याने ती चाल माझ्याकडून आधी ऐकलेलीच नव्हती.

मग मोबाईलमध्ये ऐकलेल्या गाण्यांची यादी काढून बसलो. तिथे ते गाणं सापडलं. तीन आठवड्यांत अकरा वेळा वाजलं होतं. मी ते एकदाही मुद्दाम लावलं नव्हतं, काम करताना मागे प्लेलिस्ट चालू असायची. मला त्या गाण्याचे शब्दही आठवत नव्हते. सूर मात्र आत जाऊन बसले आणि माझं नाव लावून बाहेर आले.

हे मोठमोठ्यांच्या बाबतीत झालेलं आहे. बीटल्स या इंग्लिश बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनच्या गाजलेल्या गाण्यावर खटला झाला आणि 1976 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने निकाल दिला की त्याने आधीच्या एका गाण्याची चाल घेतली आहे, पण नकळत. नकळत घेतली तरी ती उचलेगिरीच ठरली. त्याच्याच बँडमधल्या पॉल मॅकार्टनीला 'यस्टरडे'ची चाल झोपेतून उठताना सुचली, तेव्हा ती आपली आहे यावर त्याचाच विश्वास बसेना. जवळपास महिनाभर तो ओळखीच्यांना विचारत राहिला, ही तुम्ही कुठे ऐकली आहे का? हॅरिसनची चाल परक्याची निघाली, मॅकार्टनीची स्वतःची. सुचतानाचा क्षण मात्र दोघांनाही सारखाच वाटला असणार. मला या गोष्टीची भीती वाटते.

म्हणून माझं मत असं झालंय की चाल बांधायच्या काळात दुसऱ्या कुणाचंही संगीत ऐकू नये. किमान तीन आठवडे. मी ते करून पाहिलं. पहिले सात-आठ दिवस नुसता गाळ वर येतो, जिंगल्स, जुनी गाणी, अर्धवट आलाप. नवव्या दिवशी खोलीतल्या पंख्याची टिकटिक ऐकू यायला लागली. तो पंखा कित्येक वर्षं तिथेच आहे. टिकटिक एकसारखी नव्हती, तीन जवळजवळ, मग जरा अंतर, मग दोन-दोन. सात मात्रांचा ठेकाच तो. त्यावर एक चाल उभी राहिली, जी मी एरवी कधीच बांधली नसती.

ऑस्ट्रियन संगीतकार हायडन जवळपास तीस वर्षं एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या चाकरीत होता. त्यातला बराच काळ शहरापासून दूर गेला. म्हातारपणी तो म्हणाला होता की मी जगापासून तुटलेला होतो, गोंधळात टाकणारं जवळ कुणी नव्हतं, त्यामुळे मला स्वतंत्र होणं भागच पडलं. मला हे वाक्य पूर्ण पटतं. तुमचा अनुभव काय?

कानसेन

तुमची भीती खरी आहे, पण निष्कर्ष उलटा काढलाय. तुम्ही जास्त ऐकलंत म्हणून घोटाळा झाला नाही, कमी प्रकारचं ऐकलंत म्हणून झाला. एकच गाणं अकरा वेळा आणि बाकीची यादीही त्याच वळणाची असणार. मन त्यातलंच काहीतरी देणार, दुसरं आणणार कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

हायडनचं उदाहरण तर तुमच्या विरोधात जातं. तो एकांतात होता हे खरं, पण 1776 पासून त्या राजवाड्यात नियमित ऑपेरा होत असत आणि इतर संगीतकारांचे ते ऑपेरा बसवून घेणं, त्यांच्या तालमी घेणं हे त्याचंच काम. म्हणजे दुसऱ्यांचं संगीत त्याच्या हाताखालून सुराबरहुकूम जात होतं. शिवाय त्याच आठवणीत तो असंही सांगतो की वाद्यवृंद माझ्या ताब्यात होता, त्यामुळे कशाने परिणाम वाढतो आणि कशाने मरतो हे मला करून बघता येई. याला काही मी कान बंद ठेवणं म्हणणार नाही.

आणि जर्मन संगीतकार बाख घ्या. 1705 मध्ये वीस वर्षांचा हा पोरगा बुक्सटेहुडे या नामवंत ऑर्गनवादकाचं वादन ऐकायला आर्नश्टाटहून ल्युबेकला पायी गेला. चारशे किलोमीटर! रजा चार आठवड्यांची होती, परतला चार महिन्यांनी. आल्यावर चर्चच्या मंडळींनी त्याला धारेवर धरलं. उशिरा आलास हे एक, पण दुसरी तक्रार मला फार मोलाची वाटते. तू प्रार्थनेच्या चालींमध्ये विचित्र सूर मिसळतोस आणि लोक गोंधळतात, असं त्यांचं म्हणणं होतं. ऐकून आलेल्या माणसाच्या हातून काय बाहेर पडतं याचा कागदोपत्री पुरावा यापेक्षा चांगला कुठला हवा? पुढे व्हिवाल्डी या इटालियन संगीतकाराच्या कॉन्चेर्टोंची (एकल वाद्य आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनांची) त्याने कीबोर्डसाठी रूपांतरं केली. एवढं ऐकून, उतरवून, पचवून तो शेवटी बाखच राहिला.

तीन आठवडे मौन पाळून तुम्हाला पंख्याचा ठेका सापडला याचा आनंद आहे. पण सात मात्रा तुमच्या कानाने ओळखल्या कशा? कधीतरी रूपक हा सात मात्रांचा ताल भरपूर ऐकलाय म्हणून!

मंद्रसप्तक

@कानसेन, शेवटचा मुद्दा मान्य. कान तयार व्हायला ऐकावं लागतं, याबद्दल माझा वाद नव्हताच. माझा प्रश्न काळाचा आहे. बाख ल्युबेकला गेला तेव्हा ऐकायला चालत जावं लागे, आणि परतीची चारशे किलोमीटरची वाट त्याला पूर्ण शांततेत मिळाली. ऐकणं आणि सुचणं यांच्या मध्ये एवढी मोकळी जागा आज कुणाला मिळते? आपल्याला एक गाणं संपायच्या आत दुसरं सुरू होतं. मी ती वाट परत मागतोय, एवढंच.

मात्रा सोळा

मी तालवाद्यं वाजवतो आणि गेली काही वर्षं संगीतसंयोजनही करतो. दोघंही 'किती ऐकायचं' यावर भांडताय. मला वाटतं सगळा खेळ 'कसं ऐकता' यात आहे.

मागे वाजत राहणारं संगीत सर्वात घातक. त्याकडे लक्ष नसतं, त्यामुळे 'हे अमक्याचं' अशी खूण न लागताच ते आत जातं. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये मांडलेली गोष्ट आहे. एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली, तरी ती आपल्याला आवडू लागते. चाल बांधताना दहा सुरावटी सुचतात, त्यातली कुठली ठेवायची हे आपण आवडीवर ठरवतो. आणि ती आवड तर प्लेलिस्टने आधीच वाकवून ठेवलेली! म्हणजे नुकसान सुचण्यात जेवढं आहे, त्याहून जास्त निवडण्यात आहे. मंद्रसप्तकांना त्या दिवशी आणखी चार मुखडे सुचलेही असतील, पण ओळखीचा होता तोच 'सहज' वाटला.

याला माझ्याकडे उपाय आहे, तो मौनाहून जास्त कष्टाचा आहे. एक गाणं घ्या आणि आठवडाभर तेच ऐका. पहिल्या दिवशी फक्त बेस. गायकाकडे कान जाऊ द्यायचा नाही, गेला तर गाणं पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी फक्त ठेका आणि त्यात वाजवणारा कुठे हात राखतो ते. तिसऱ्या दिवशी चाल कागदावर उतरवायची, वाद्याला हात न लावता. मी हे एका जुन्या गाण्यावर केलं, तर बेसवाला अंतऱ्यात समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) वाजवतच नाही असं लक्षात आलं. लहानपणापासून ऐकत होतो ते गाणं. अंतरा तरंगल्यासारखा का वाटतो हे कोडं त्या दिवशी सुटलं. ती युक्ती मी नंतर दोन ठिकाणी वापरली, आणि ऐकणाऱ्या कुणालाही मूळ गाणं आठवलं नाही, कारण मी सूर घेतले नव्हते, त्यामागची युक्ती घेतली होती.

जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने 1937 च्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या एका ठिकाणी काम घेतलं आणि लेस्टर यंग या दुसऱ्या सॅक्सोफोनवादकाच्या रेकॉर्ड घेऊन बसला. सोलो तोंडपाठ होईपर्यंत वाजवले. तो पुढे लेस्टर यंगसारखा वाजला का? अजिबात नाही.

कोमल धैवत

मला या चर्चेत एक गोष्ट खटकतेय. नकळत कुणाचे चार सूर आले की आभाळ कोसळल्यासारखं का बोलतो आपण? 'आधी कुणी केलेलं नसावं' हीच सर्जनाची व्याख्या कधीपासून झाली? आपल्याकडे एकच बंदिश पिढ्यान् पिढ्या गायली जाते आणि प्रत्येक चांगला गवई तीत स्वतःचं काही घालतो. तिथे कुणी विचारत नाही की मुखडा तुझा का.

कुमार गंधर्व लहानपणी मोठ्या गवयांच्या रेकॉर्डी जशाच्या तशा गाऊन दाखवत आणि लोक थक्क होत. म्हणजे सुरुवात शंभर टक्के नकलेची. नक्कल करता करताच त्यांना गाण्याची आतली रचना हाताला लागली असेल, असं मला नेहमी वाटतं. मूल बोलायला शिकतं तेसुद्धा आईचे शब्द उचलूनच की.

मंद्रसप्तक, तुम्ही ती चाल टाकून दिलीत का? टाकू नका.

कानसेन

@कोमल धैवत, बंदिशीची तुलना इथे लागू होत नाही. बंदिश गाताना ती पारंपरिक आहे हे गाणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. स्वतःच्या नावावर दुसऱ्याचा मुखडा खपवणं वेगळं, मग ते नकळत का असेना.

कुमारजींची गोष्ट मात्र अर्धीच सांगितलीत. पुढची जास्त महत्त्वाची आहे. क्षयाच्या आजारात ते देवासला येऊन राहिले, डॉक्टरांनी गाणं बंद केलं. काही वर्षं अंथरुणावर. गाता येत नव्हतं, पण ऐकता येत होतं आणि आजूबाजूला माळव्याची लोकगीतं होती. त्या धुना त्यांनी कानात साठवल्या, त्यांची स्वरलिपी केली आणि त्यांतून पुढे धुनउगम राग उभे राहिले. हा माणूस 'ऐकू नका'वाल्यांचा की 'ऐका'वाल्यांचा?

मंद्रसप्तक

दोघांचाही! त्या काळात ते मैफिलींच्या जगापासून लांब होते, आणि जे ऐकत होते ते त्यांच्या गाण्याच्या प्रांताबाहेरचं होतं. मी माझा नियम यावरून बदलायला तयार आहे. चाल बांधायच्या दिवसांत आपल्याच प्रांतातलं ऐकू नये. सुगम संगीताला चाल लावत असाल तर सुगम बंद. धृपद ऐका, नुसता तबला ऐका, दुसऱ्या देशाचं काहीतरी ऐका. फ्रेंच संगीतकार देब्यूसीला 1889 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात गॅमेलान हा जावा बेटावरचा वाद्यवृंद ऐकायला मिळाला. त्यातला एखादा मुखडा तो उचलूच शकला नसता, ते संगीतच वेगळ्या स्वरांचं आणि वेगळ्या बांधणीचं. घेता आला तो फक्त विचार.

फेडर

मी मिक्सिंग, म्हणजे रेकॉर्ड झालेले आवाज एकमेकांत जुळवायचं काम करते, माझं थोडं वेगळं. आमच्या कामात दुसऱ्यांचं ऐकणं सोडूनच चालत नाही. दोन तास एकाच गाण्यावर बसलं की कान थकतो, खर्ज किती आहे याचा अंदाज सुटतो आणि रेफरन्स ट्रॅक (तुलनेसाठीचं तयार गाणं) लावला की चूक लगेच कळते. फक्त दोन्हींची पातळी सारखी करून मगच तुलना करा. जे मोठं वाजतं ते चांगलं वाटतं, त्या मोहात भलेभले पडतात.

पण रेफरन्स मिक्सिंगला, चालीला नाही. हल्ली लोक पहिला सूर सुचायच्या आधी 'असं हवंय' म्हणून गाणं पाठवतात. तिथेच काम संपतं. आणि स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं गेलं तरच गाणं मोजलं जातं, म्हणून सगळ्यांना मुखडा पहिल्या काही सेकंदांत हवा असतो. आलापासारखं काही सुरुवातीला ठेवलं की कापायला सांगतात. ऐकायच्या सवयीने आमच्या हातातली कात्रीसुद्धा बदलली.

मंद्रसप्तक

@मात्रा सोळा, तुमचा उपाय मी त्या चोरलेल्या मुखड्यावरच केला. मूळ गाणं समोर ठेवून दोन्ही चाली कागदावर उतरवल्या. आधी वाटलं होतं की सगळंच त्यांचं असेल. प्रत्यक्षात जुळत होते पहिल्या ओळीतले शेवटचे पाच सूर आणि दुसरी ओळ. अंतरा माझा आहे, वजनही माझं आहे. त्या गाण्यात ती उडी समेवर येते. आता मी ती काढून टाकली आहे. ओळ खालीनंतर (तालातल्या टाळी नसलेल्या मात्रेनंतर) उचलतो आणि रिषभावरच थांबतो, पंचमाला जातच नाही. कवितेत तिथे 'राहून गेलं' हे शब्द आहेत. खरं तर त्यांना उडी नकोच होती, हे मला तेव्हा दिसलं नाही कारण कान दुसऱ्याच्या गाण्यात होता.

@कोमल धैवत, टाकली नाही. पण जशीच्या तशी ठेवलीही नाही, ठेवली असती तर मैत्रिणीला फसवल्यासारखं झालं असतं.

भावाला अजून ऐकवलेली नाही. रविवारी ऐकवेन.

कानसेन

ऐकवाल तेव्हा आधी काही सांगू नका. दुसऱ्या ओळीपाशी तसेच श्वास घ्यायला थांबा आणि तो काय गातो बघा.