सल्ला हवा: सगळीकडे एकच झाड, मग वनस्पतीसमूह वेगळे कसे करायचे?

मृगसर
नमस्कार मंडळी. आधीच सांगते, बीच म्हणजे समुद्रकिनारा नव्हे. फॅगस सिल्वॅटिका, युरोपातला पानगळी वृक्ष. घरी सांगितलं तेव्हा आजीला वाटलं, पोरगी गोव्याला चालली.

गेल्या जुलैत स्लोव्हाकियात कार्पेथियन डोंगरांत महिनाभर होते. एका गटाबरोबर ५८ चौकोन टाकले, प्रत्येकी २० बाय २० मीटर. दिसेल ती जाती लिहायची आणि तिचं आच्छादन, म्हणजे तिने किती जमीन झाकलीय ते, ब्राऊन-ब्लांके मोजपट्टीवर द्यायचं (५ म्हणजे सर्वाधिक). आता कर्वेनगरातल्या खोलीत बसून त्याचे समूह पाडायचेत, म्हणजे कोणत्या जाती एकत्र वाढतात त्यावरून चौकोनांचे गट. मार्गदर्शक म्हणाले, सॉफ्टवेअरला घाल, गट आपोआप पडतात. घातलं. ४९ चौकोन एका गटात आणि उरलेले ९ पाच गटांत विखुरलेले! जवळजवळ सगळीकडे बीच ४ किंवा ५.

सॉफ्टवेअर बदलू का? गट किती ठेवू? पुण्यात कुणी असं काम केलंय का?

टेकडीकर
शीर्षक वाचून मीपण अलिबागच्या तयारीने आलो होतो. बसतो कोपऱ्यात, वाचतो.

कोडवाली
सॉफ्टवेअर बदलू नकोस, आकडे बदल. ४ म्हणजे ५० ते ७५ टक्के, ५ म्हणजे ७५ ते १००. मधला आकडा धरला तर ६२.५ आणि ८७.५. आता दोन चौकोन घे. एकात बीच ५, दुसऱ्यात ४. फरक २५. पहिल्यात गॅलियम ओडोरॅटम ही जमिनीलगतची छोटी वनस्पती १, म्हणजे साधारण २.५ टक्के, दुसऱ्यात अजिबात नाही. फरक २.५. म्हणजे गणिताच्या लेखी बीच थोडा कमीजास्त असणं हे गॅलियम असण्या-नसण्याच्या दहापट महत्त्वाचं! तुझे गट समूहांचे नाहीतच, ते बीचच्या दाटपणाचे आहेत.

वर्गमूळ घे. बीच ९.३५ आणि ७.९१, फरक १.४४. गॅलियम १.५८ आणि शून्य. पारडं फिरलं की नाही? आर ही आकडेमोडीची संगणकभाषा वापरत असशील तर तिच्या व्हेगन पॅकेजात एका ओळीचं काम आहे. नुसतं आहे-नाही धरूनही एकदा चालवून बघ.

अंजनी
कोडवालीताईंचं बरोबर आहे. पण मुळात हा आपल्याकडच्या शिकवणीचा दोष आहे असं मला वाटतं. आपण चॅम्पियन आणि सेठ यांचं भारतीय जंगलांचं वर्गीकरण (१९६८) वाचून मोठे झालो. त्यात पाऊस, तापमान आणि जंगलाची ठेवण पाहून सोळा मोठे गट. म्हणजे मान वर करून जंगल ओळखायचं. महाबळेश्वर-भीमाशंकरकडच्या सदाहरित रानाला वनस्पतिअभ्यासक पास्कल यांनी अंजनी, जांभूळ आणि पिसा यांच्या नावाने ओळखलं, तीही झाडंच. आपल्याकडे ते चालून जातं, कारण वर विविधता आहे. बीचच्या जंगलात वर पाहून काही कळत नाही. मान खाली घाला.

आम्लधर्मी, कसदारपणा नसलेल्या मातीवर लुझुला लुझुलॉइडिस आणि व्हॅक्सिनियम मिर्टिलस भेटतील. कसदार ओलसर मातीवर गॅलियम ओडोरॅटम, मर्क्युरिॲलिस पेरेनिस. चुनखडीच्या कोरड्या उतारावर कारेक्स आल्बा आणि सेफॅलँथेरा ही आमरी. युरोपातले लोक बीचच्या संघांची मोठी विभागणी याच तळाच्या वनस्पतींवर करतात: आम्ल मातीवरचा लुझुलो-फॅजियन एकीकडे, चुनखडीवरचा सेफॅलँथेरो-फॅजियन दुसरीकडे. वर छत तेच, पायाखालची जमीन वेगळी.

संगणक बंद करून एक संध्याकाळ तक्ता हाताने लावून बघ. आम्ही आलेखाच्या कागदाच्या पट्ट्या कापायचो: प्रत्येक चौकोनाची एक पट्टी, आणि पट्ट्या पुढेमागे सरकवत बसायचं. जेवायला उठलो की पंख्याने सगळं उडायचं, ते वेगळं. तुला एक्सेलमध्ये रकाने ओढता येतील. ज्या जाती जवळपास सगळीकडे आहेत त्या खाली ढकल, ज्या एक-दोनदाच आल्यात त्याही. मधल्या जातींत कोण कोणाबरोबर येतं ते बघत राहा.

आणि एक विचारायचं राहिलं. जुलैत गेलीस म्हणतेस. ॲनिमोने नेमोरोसा किती चौकोनांत मिळाली?

मृगसर
काका, एकाही नाही! आणि कार्डामिने बल्बिफेरा फक्त चार ठिकाणी, तीही वाळलेली.

अंजनी
मिळणार कशी! बीचला पानं फुटायच्या आत ती उरकून घेते. पावसाळा संपल्यावर सड्यावर जाऊन तेरडा नाही म्हणण्यासारखंच. ‘सर्व नोंदी जुलैतल्या, वसंतातल्या वनस्पती कमी नोंदल्या गेल्या’ हे प्रबंधात स्पष्ट लिही. परीक्षकाने विचारण्याआधी आपण सांगितलेलं बरं.

गारवेल
ट्विनस्पॅन ही गट पाडायची पद्धत चालवून बघितलीस का? हिल यांचं, १९७९ चं. जुनं आहे पण या कामात अजून टिकून आहे. फक्त ते दर पायरीला प्रत्येक गटाचे दोन तुकडे करतं, मग तो गट आधीच एकजिनसी का असेना. २००९ मध्ये सुधारित पद्धत आली, ती सगळ्यात विस्कळीत गट आधी फोडते. ज्यूस नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये आहे. गटांच्या सूचक जाती काढायला फाय गुणांकही त्यातच; एखादी जाती एखाद्या गटाशी किती बांधलेली आहे ते तो सांगतो. गट लहानमोठे असतील तर आकार समान धरून काढ, नाहीतर लहान गटांच्या जाती विनाकारण मागे पडतात.

कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आहे. वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहासाठी उत्तम, पण तुझी झाडं तिथे शोधू नकोस.

टेकडीकर
वेताळ टेकडीवर ग्लिरिसिडियाखाली सराव करता येईल का? तिथेही वर एकच झाड आणि खाली उंचसखल.

अंजनी
येईल की. पण पावसाळ्यात. आत्ता खाली फक्त पाचोळा मिळेल.

मृगसर
दोन दिवस कोडवालीताईंचं वर्गमूळ आणि काकांच्या पट्ट्या, दोन्ही करून पाहिलं. ५८ पैकी ५३ चौकोन दोन्हीकडे त्याच तीन गटांत पडले. लुझुलावाला, गॅलियमवाला, आणि एक छोटा सहा चौकोनांचा, जिथे कारेक्स आल्बा आहे. वही काढली तर त्या सहाही ठिकाणी मीच ‘पांढरे दगड’ लिहिलेलं, तेव्हा काही कळलं नव्हतं! उरलेल्या पाचांचं काय करू? तीन ओढ्याकाठचे आहेत.

अंजनी
ते ओढ्याकाठचे तीन बाजूला काढ. ते बीचच्या समूहात बसवायचा हट्ट करू नकोस. राहिलेले दोन ‘संक्रमण’ म्हणून तक्त्यात दोन गटांच्या मध्ये ठेव. आणि नाव देताना ‘-एटम’ हा समूहाच्या नावाचा प्रत्यय लावायची घाई नको. सहा चौकोनांवर नवा समूह जाहीर करशील तर तिकडचे लोक हसतील. आधी त्यांच्याकडे वर्णन केलेल्या समूहांशी ताडून बघ.

मृगसर
ताडून बघते. बाकी, आजीला पांढऱ्या दगडांचा फोटो दाखवला. म्हणाली, किनारा नाही मग तिथे वाळू कुठून आली?