मारुती ८०० चं हेड घरी बसवतोय, टॉर्क पाना कोणता घेऊ?

रंकाळाकर
नमस्कार मंडळी. बाबांची १९९७ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आहे. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सीलपट्टी, गेलंय. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत होते आणि ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरा फेस साचत होता. हेड मी स्वतः उतरवलं, उद्यमनगरात लेथवाल्याकडे देऊन फेसिंग मारून, म्हणजे तळ सपाट करून, आणलं. आता बसवायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी हेच काम बाहेर करून घेतलं होतं. तिथे पान्याला हातभर पाइप लावून हेडबोल्ट आवळले, मी शेजारीच उभा होतो. आठ महिन्यांत गॅस्केट परत गेलं. त्यामुळे या वेळी मला अंदाजाने काही करायचं नाही.

बजेट पाच-सहा हजार. चार सुती ड्राइव्हचा (अर्धा इंची चौकोनाचा), ४० ते २०० न्यूटन-मीटरचा क्लिक पाना, म्हणजे लावलेल्या टॉर्कला पोचला की क्लिक देणारा, बघून ठेवलाय. एकात हेडही होईल आणि चाकांचे नटही. घेऊ का? की डिजिटल बरा?

भोसरीतला मापाडी
घेऊ नका, निदान इंजिनासाठी तरी नको. मी कॅलिब्रेशन लॅबमध्ये, म्हणजे मापाची साधनं तपासणाऱ्या लॅबमध्ये, आहे, रोज असले पाने टेबलावर येतात.

तुमच्या इंजिनात छोट्या सहा मिलिमीटरच्या बोल्टांपासून हेडबोल्टपर्यंत बहुतेक कामं १० ते ७० च्या आत उरकतात. २०० चा पाना घेतला की तुम्ही कायम त्याच्या तळाशी काम करणार, आणि क्लिक पान्याची सगळ्यात वाईट जागा तीच. तिथे स्प्रिंग जेमतेम दबलेली असते आणि क्लिक इतकी हलकी येते की हाताला कळतही नाही. पान्याचा भरवसा धरायचा तो त्याच्या कमाल आकड्याच्या २० टक्क्यांपासून वर. नीट बनवलेल्या पान्याची चूक तिथे अधिक-उणे ४ टक्क्यांच्या आत असते. १० न्यूटन-मीटर किंवा त्याहून लहान पान्यांना ६ टक्के चालतात. आयएसओ ६७८९ या मानकात हीच मर्यादा आहे.

म्हणून तीन सुती ड्राइव्हचा २० ते १०० किंवा ११० चा एक घ्या. हेड, बेअरिंग कॅप, स्पार्क प्लग, सगळं त्यात बसतं. पैसे उरले तर दोन सुती ५ ते २५ चा. चाकांच्या नटांसाठी इंजिनाचा पाना बिघडवू नका, तो जमला की वेगळा घ्या.

डिजिटलबद्दल एकच बघा. चूक वाचलेल्या आकड्याच्या टक्क्यात दिली आहे की पूर्ण मापाच्या? २०० च्या पान्याला पूर्ण मापाच्या ४ टक्के लिहिलं असेल तर ती ८ न्यूटन-मीटर होते. २० वर आवळताना ८ ची चूक म्हणजे पाना असून नसल्यासारखा. खोक्यावर हे बारीक अक्षरात असतं, दुकानात उभं राहून वाचा.

कर्वेनगरचा सुहास
माझ्याकडे स्टॅनलीचा तीन सुती क्लिकवाला आहे, चार वर्षं झाली, तक्रार नाही. नॉरबार, स्टालविले हाताळले आहेत, फरक कळतो, पण पाच-सहा हजारांत ते बसत नाहीत. कोणताही घ्या, सोबत त्याच नंबरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आहे का ते पाहा. पान्यावर कोरलेला नंबर आणि कागदावरचा नंबर जुळला पाहिजे.

सांगलीची गॅरेजवाली
दादा, पाना येईल तेव्हा येईल, आधी बोल्टांकडे बघा. माझ्या वडिलांचं गॅरेज आहे, बारावीपासून मी तिथेच. हेड बसवताना लोक पान्यावर हजारो रुपये घालतात आणि आट्यांमधली घाण तशीच ठेवतात.

आपण पान्यावर जो जोर लावतो त्यातला साधारण ९० टक्के घर्षणातच जातो, निम्मा बोल्टच्या डोक्याखाली आणि उरलेला आट्यांत. हेड दाबून धरायला, म्हणजे बोल्ट ताणायला, उरतो तो जेमतेम दहावा हिस्सा. आटे गंजलेले असले तर पाना बरोबर आकड्यावर क्लिक देतो आणि बोल्ट मात्र सैलच राहतो. उलट कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तुम्ही तेल लावून आवळलात तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. मॅन्युअल तेल लावा म्हणत असेल तरच लावा, आणि म्हणतं तितकंच.

ब्लॉकमधली भोकं तर नक्की बघा. आम्ही जुन्या बोल्टला उभी खाच पाडून तो हाताने आत-बाहेर फिरवतो. खाचेत काळा गाळ भरून येतो. मग हवा मारायची, डोळ्यांवर चष्मा लावून, कारण तळाशी साचलेलं कूलंट सरळ तोंडावर येतं. ते पाणी आत राहिलं तर बोल्ट खाली जाताना त्याच्यावर दाब बसतो, पाना वेळेआधी क्लिक देतो. मी पाहिलंय, त्या दाबाने ब्लॉकला चीरसुद्धा जाते.

आवळायचं मधून बाहेर, तीन टप्प्यांत. सोडवताना उलटं, बाहेरून आत. तुम्ही हेड उतरवताना कसे सोडले होते?

रंकाळाकर
ताई, मनापासून धन्यवाद. बाहेरून आत, थोडे थोडे करूनच सोडले होते. भोकांचा विचार मात्र केलाच नव्हता. आज बॅटरी मारून बघितलं, दोन भोकांत तळाशी हिरवट पाणी दिसतंय.

मापाडीसाहेब, तुमचंही पटलं. २०० वाला रद्द. एक विचारू का? इथे एकाकडे जुना जपानी क्लिक पाना अर्ध्या किमतीत मिळतोय. घ्यावा का?

नाशिकचा फिटर
जुना घेण्याआधी माझी गोष्ट वाचा. बाजारातून असाच एक सुंदर पाना आणला होता, जड, नक्षीदार मुठीचा. त्यावर दोन मापं होती. मला हव्या त्या बाजूला ६० दिसला, मी ६० लावला आणि माझ्या डिझेल गाडीचे बोल्ट आवळले. शेवटच्या बोल्टला क्लिक येईचना. पाना फिरतोय, फिरतोय, पण जोर वाढत नाही. हाताला एकदम मऊ लागायला लागलं, जणू डिंकात पाना फिरवतोय. तिथेच थांबलो. बोल्ट काढून इतरांच्या शेजारी ठेवला तर केसभर लांब, आणि मधे मान बारीक झालेली. पिच गेज (आट्यांमधलं अंतर तपासायची दातेरी पट्टी) लावला तर आट्यांवर बसेना.

मी वाचलेलं माप फूट-पाउंडाचं होतं. ६० फूट-पाउंड म्हणजे ८१ न्यूटन-मीटर. सगळे बोल्ट नवे घेतले आणि काम पुन्हा पहिल्यापासून केलं.

जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर असतात, तेही लक्षात ठेवा. १ म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. कागदावर एका मापात सगळे आकडे लिहून बॉनेटला चिकटवा, मगच पाना हातात घ्या.

भोसरीतला मापाडी
फिटरदादांनी जे मऊ लागणं सांगितलं ते प्रत्येकाने ध्यानात ठेवावं. त्या क्षणी बोल्टने हार मानलेली असते. नव्या कितीतरी इंजिनांत मुद्दाम त्या हद्दीपर्यंत बोल्ट ताणतात. आधी कमी टॉर्क, मग ९० अंश फिरवा, असं लिहिलेलं असतं. ते बोल्ट एकदाच वापरायचे. तिथे पान्याइतकीच बोल्टच्या डोक्यावरची रंगाची खूण कामाला येते.

जुना क्लिक पाना तपासल्याशिवाय घेऊ नये. आधीच्या मालकाने तो ७० वर लावून दोन वर्षं पेटीत ठेवला असेल, तर स्प्रिंग दबलेल्या अवस्थेतच थकलेली असते. काम झालं की माप सर्वात खालच्या आकड्यापर्यंत उतरवायचं, त्याच्याही खाली नाही. (स्टालविलेच्या काही पान्यांत स्प्रिंगच्या जागी वाकणारी पट्टी असते, त्यांना ही गरज नाही.) आणि त्याने बोल्ट सोडवायचे नाहीत, कितीही हाताशी असला तरी.

एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या लॅबमधून तपासून घेणं उत्तम, वर्षातून एकदा किंवा ५००० क्लिकनंतर. घरच्या घरी ढोबळ खात्री करायची असेल तर पान्याचा चौकोन व्हाइसमध्ये पकडा, पाना आडवा ठेवा. चौकोनाच्या मध्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर १० किलोचं वजन दोरीने टांगा. हा ४९ न्यूटन-मीटर झाला. दांडा आखूड असेल तर अंतर कमी घ्या, वजन वाढवा. पान्याचं स्वतःचं वजनही थोडी भर घालतं, तेव्हा आकडा दशांशापर्यंत धरू नका. पण ५० चा पाना ३५ लाच क्लिक देतोय का, हे यात लगेच उघडं पडतं.

सांगलीची गॅरेजवाली
आमच्याकडे काट्याचा साधा पाना पण आहे, दांडा वाकतो आणि काटा मापावर सरकतो तो. आजोबांच्या वेळचा. त्यात बिघडण्यासारखं काही नाही. काटा शून्यावर नसेल तर काट्यालाच हलकेच वाकवून शून्यावर आणायचा. समोरून सरळ बघावं लागतं आणि गाडीखाली झोपून वाचता येत नाही, एवढीच अडचण. क्लिकवाल्यावर शंका आली की मी एक बोल्ट याने तपासते. बजेटमध्ये एकच नवा पाना बसत असेल आणि काम फक्त वरून असेल, तर हाही वाईट नाही.

कर्वेनगरचा सुहास
ओढण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. मुठीच्या मधोमध धरा, एका लयीत सावकाश ओढा, झटका देऊ नका. क्लिक आली की हात तिथेच सोडा. खात्रीसाठी दुसरी, तिसरी क्लिक घेत बसलात तर प्रत्येक वेळी बोल्ट थोडा पुढे जातो. सरळ एक्स्टेन्शन लावलं तर आकडा बदलत नाही, पण पान्याच्या रेषेत पुढे आलेला कावळ्याच्या पायासारखा जोड लावला तर बदलतो. पाना ४०० मिलिमीटर आणि जोड ५० पुढे असेल, तर ६० साठी माप ५३ वर लावायचं. हाच जोड काटकोनात लावला की हिशेब करावा लागत नाही.

रंकाळाकर
आठवडा झाला, सांगायचं राहिलं होतं.

जुना जपानी सोडला. तीन सुती २० ते ११० चा नवा घेतला, सर्टिफिकेटचा नंबर दुकानातच जुळवून. घरी व्हाइसमध्ये धरून जिमच्या १० किलोच्या तबकडीने बघितला, ४९ वर लावलेला पाना बरोबर तिथेच बोलला. महिनोन् महिने पडून राहिलेला पाना आधी मधल्या आकड्यावर पाच-सहा वेळा क्लिक करून घ्यावा, म्हणजे आतलं ग्रीस फिरतं, हेही दुकानदाराने सांगितलं.

भोकांनी दोन संध्याकाळी घेतल्या. ताई, खाचवाल्या बोल्टवर गाळ आला तो चहाच्या चोथ्यासारखा होता. जुने बोल्ट एकमेकांशेजारी उभे केले, दोन लांब निघाले, म्हणून सगळे नवे आणले. तिन्ही टप्प्यांचे आकडे खडूने ब्लॉकशेजारी लिहिले. बाबा आकडा वाचत होते आणि प्रत्येक बोल्टनंतर त्यावर पांढरा ठिपका देत होते. शेवटच्या टप्प्यात क्लिक कानाआधी तळहाताला कळली.

गाडी चालू आहे. तीनदा तापवून गार केली, रेडिएटरमध्ये बुडबुडा नाही, ऑइलचं झाकण कोरडं. आता टॅपेट कव्हरचे छोटे बोल्ट राहिलेत. ते हातानेच टेकवून ठेवलेत, कारण माझा पाना २० च्या खाली जात नाही. दोन सुती ५ ते २५ चा कुणी अलीकडे घेतला असेल तर सांगा, हा पगार झाला की तोच घेणार आहे.

सांगलीची गॅरेजवाली
तोपर्यंत गाडी लांब नेऊ नका, कव्हरमधून तेल गळेल. जयसिंगपूरला येणं झालं तर कळवा, आमचा ५ ते २५ चा घेऊन येते, दहा मिनिटांचं काम आहे.