फेब्रुवारीचा दिवस ऑगस्टसने पळवला नाही

फेब्रुवारी लहान का, तर म्हणे रोमन सम्राट ऑगस्टसला आपला ऑगस्ट महिना ज्युलियस सीझरच्या जुलैपेक्षा लहान नको होता, म्हणून त्याने फेब्रुवारीचा एक दिवस पळवला. गोष्ट मजेदार आहे, पण खोटी. ही मध्ययुगातली थाप आहे. इटलीतल्या अँटियम गावात भिंतीवर रंगवलेलं, सीझरने कालगणना सुधारली त्याआधीचं पंचांग सापडलंय. त्यात फेब्रुवारी तेव्हाही २८ दिवसांचाच आहे. पुढे ज्याला ऑगस्ट म्हणू लागले त्या महिन्याला २९ वरून ३१ दिवस सीझरनेच दिले, इ.स.पू. ८ मध्ये फक्त त्याचं नाव बदललं.

फेब्रुवारी लहान असण्याचं खरं कारण धार्मिक. रोमन लोकांना सम आकडा अशुभ वाटे, म्हणून बाकीचे महिने २९ किंवा ३१ दिवसांचे. वर्ष ३५५ दिवसांचं, त्यामुळे एक तरी महिना सम ठेवणं भागच होतं. तो मान (!) फेब्रुवारीला मिळाला, कारण तो शुद्धीचा आणि पितरांचा महिना. १३ ते २१ तारखेपर्यंत पारेंटालिया हा पितरांचा सण चाले. आपल्या पितृपक्षासारखंच लग्नं बंद, शिवाय देवळंही बंद, घरचे लोक थडग्यांवर फुलं, धान्य आणि मीठ ठेवून येत.

बरं, अधिक महिनाही इथेच घुसवत, २३ तारखेच्या, शेताच्या हद्दीच्या देवतेच्या सणानंतर. तो कधी धरायचा हे पुरोहित ठरवत, आणि पुरोहित म्हणजे राजकारणीच. मित्र पदावर असला की वर्ष लांबव, शत्रू असला की आखूड ठेव. या गोंधळापायी सीझरला इ.स.पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं. गंमत म्हणजे मुख्य पुरोहित तोच होता.