बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी): एमएमटी आणि गोनिओमेट्रीला डॅनियल्स, केंडाल की नॉर्किनचं पुस्तक?

दुसरं_वर्ष: प्रॅक्टिकलला एमएमटी (हाताने स्नायूची ताकद तपासणं) आणि गोनिओमेट्री (सांध्याची हालचाल अंशांत मोजणं) दोन्ही आहे. लायब्ररीतल्या डॅनियल्स-वर्दिंगहॅमची आवृत्ती बरीच जुनी आहे, केंडाल घरी देत नाहीत, गोनिओमेट्रीच्या नॉर्किन-व्हाइटची झेरॉक्स मिळतेय. तिन्ही पुस्तकं परवडणार नाहीत. नवं एकच घ्यायचं तर कोणतं? जुनी आवृत्ती चालते का?

प्लिंथवाला: डॅनियल्स घ्या, तेही नवं. त्यात चाचण्या हालचालीप्रमाणे लावल्यात आणि ताकदीच्या ग्रेड ० ते ५ आहेत, वॉर्डातल्या केसपेपरवर तेच लिहितात. केंडाल एकेक स्नायू सुटा करून तपासतं आणि ० ते १० ची श्रेणी देतं. सुरुवातीलाच दोन्ही हातात घेतलीत तर ग्रेडची खिचडी होते.

जुन्या आवृत्तीत अडतं ते प्लँटारफ्लेक्शनला (पाऊल खाली दाबण्याची हालचाल). पूर्वी ग्रेड ५ साठी २० वेळा टाच उचलायला सांगत, आता २५. एका पायावर उभं, गुडघा सरळ, टेबलाला तोलापुरती एकदोन बोटं. २५ पूर्ण झाल्या तर ५, दोन ते चोवीस ४, एकच जमली तर ३. गुडघा वाकला की काम पोटरीच्या गॅस्ट्रोक्नीमिअस स्नायूवरून त्याखालच्या सोलिअसकडे जातं. हातावर भार टाकला किंवा धड पुढे झुकवलं तर आकडा फुगतो. ३ वेळा उचलणारा पेशंटही ४ आणि २३ वेळा उचलणाराही ४, म्हणून ग्रेडशेजारी आकडा लिहाच.

अंशमापक: नॉर्किनची जुनी आवृत्ती खुशाल वापरा, हाडांच्या खुणा काही बदलत नाहीत. झेरॉक्स मात्र नको. फोटो काळे येतात आणि गोनिओमीटरचा (दोन हातांचा कोनमापक) हात नेमका कुठल्या खुणेवर आहे तेच दिसत नाही.

गुडघ्याचं घ्या. फल्क्रम (गोनिओमीटरचा मध्य) फीमरच्या म्हणजे मांडीच्या हाडाच्या लॅटरल एपिकॉन्डाइलवर (गुडघ्याशी बाहेरचा उंचवटा), स्थिर हात ग्रेटर ट्रोकँटरच्या (खुब्याशी बाहेरचा उंचवटा) दिशेने, हलता हात लॅटरल मॅलिओलसकडे (घोट्याचं बाहेरचं हाड). पेशंट उताणा, गुडघा वाकवताना खुबाही वाकू द्यायचा. पालथं झोपवून मोजलं तर रेक्टस फेमोरिस (मांडीपुढचा स्नायू) ताणला जातो आणि तो आखडलेला असेल तर फ्लेक्शन (वाकणं) कमी भरतं. सांधा ठीक असताना तुम्ही सांध्याला दोष देता. आणि गोनिओमीटरवर दोन उलटे आकडे असतात. ६० च्या जागी १२० वाचणं ही व्हायवातली सर्रास चूक, म्हणून आधी डोळ्यांनी अंदाज घ्या आणि मगच वाचा. साधारण ५ अंशांचा फरक मोजणीतलाच धरा, त्यावरून सुधारणा झाली असं लिहू नका.

कूल्हेवाली: डॅनियल्स घ्या हे बरोबर, पण ‘केंडाल नकोच’ असं वाचू नका. लायब्ररीत बसून ग्लुटिअस मीडिअसचं (पाय बाजूला उचलणारा नितंबाचा स्नायू) पान बघा. कुशीवर झोपवून, खुबा किंचित मागे आणि किंचित बाहेर वळवून पाय उचलायचा, एक हात श्रोणीवर. पाय हळूच पुढे सरकला की टेन्सर फॅशिया लाटा (खुब्याच्या पुढचा स्नायू) काम करतोय, कंबर वर खेचली गेली की क्वाड्रेटस लंबोरम (कमरेचा स्नायू). विद्यार्थी पाय वर गेला एवढंच बघतात आणि २ च्या स्नायूला ४ देऊन मोकळे होतात.

प्लिंथवाला: कूल्हेवालीताई, मान्य. श्रोणीवरचा हात निघाला की ती चाचणी फुकट.

दुसरं_वर्ष: धन्यवाद. जर्नलमध्ये प्लँटारफ्लेक्शनला २० लिहून झालंय, खोडू का?

प्लिंथवाला: खोडू नका. शेजारी ‘नव्या आवृत्तीत २५’ लिहा. परीक्षक कोणत्या आवृत्तीचे निघतील ते आधी कळत नाही.