देशातली मैदानं पाहायला निघतोय: सुरुवात जामठ्यापासून करू की सिव्हिल लाईन्सपासून?

धंतोलीचा मामा

दिवाळीनंतर भाचा आणि मी पंधरा दिवस फक्त मैदानं पाहायला निघतोय. बारावीच्या वर्षात त्याला तसा शब्द दिला होता. कोलकात्याचं ईडन गार्डन्स, चेन्नईचं चेपॉक, मुंबईचं वानखेडे, राउरकेल्याचं हॉकी स्टेडियम आणि कोल्हापूरचं खासबाग, एवढी पक्की झाली आहेत. अहमदाबाद अजून कच्चं आहे. सुरुवात आपल्या नागपुरापासून करायची, यावर दोघांचं एकमत आहे. पण कोणत्या मैदानापासून, यावर आठवडाभर घरात वाद चालू आहे. तो म्हणतो जामठा, म्हणजे वर्धा रोडवरचं नवं क्रिकेट मैदान. मी म्हणतो सिव्हिल लाईन्सचं जुनं व्हीसीए, म्हणजे विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं शहरातलं मैदान.

माझी बाजू मांडतो. मैदान पाहण्यासारखं होतं ते गावाला चिकटून असल्यामुळे. वानखेडेचा आवाज चर्चगेटच्या लोकलमध्ये ऐकू येतो. चेपॉकला स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे. ईडनला सामना संपला की माणसं चालत बाबूघाटाकडे निघतात. आमचं जुनं व्हीसीए तसंच होतं. बर्डीहून पायी जायचं, परत येताना वाटेत कुठे तरी तर्री पोहे खायचे आणि घरी पोचेपर्यंत ओळखीच्या चार जणांशी त्याच सामन्यावर बोलून झालेलं असायचं.

३१ ऑक्टोबर १९८७. वर्ल्ड कपमध्ये न्यूझीलंडशी सामना. मी दहा वर्षांचा होतो, वडिलांनी पिशवीत संत्री घेतली होती. चेतन शर्माने रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड या तिघांच्या लागोपाठ तीन चेंडूंवर दांड्या उडवल्या. वर्ल्ड कपच्या इतिहासातली ती पहिली हॅटट्रिक. मग गावस्कर अंगात ताप असताना खेळला आणि ८८ चेंडूंत नाबाद १०३. त्याच्या अख्ख्या वनडे कारकिर्दीतलं ते एकमेव शतक. २२२ धावांचं लक्ष्य ३२.१ षटकांत संपलं. हे सगळं एका दुपारी, आपल्या गावात, चालत जाण्याच्या अंतरावर घडलं.

जामठा शहरापासून १५ किलोमीटरच्या वर आहे. सामन्याचा दिवस सोडला तर तिथे वर्धा रोडवरून पळणारे ट्रक दिसतात, बाकी काही नाही. माझ्या मते ते यादीत बसत नाही. तुमचं काय म्हणणं?

खापरी नाका

अजिबात पटलं नाही. तुम्ही तुमच्या लहानपणाला मैदान म्हणताय.

जामठ्यात काय घडलं ते तरी आठवा. नोव्हेंबर २००८, तिथली पहिलीच कसोटी आणि समोर ऑस्ट्रेलिया. गांगुलीची शेवटची कसोटी, लक्ष्मणची शंभरावी. जेसन क्रेझा नावाचा ऑफस्पिनर पदार्पणात १२ बळी घेऊन गेला, तरी आपण १७२ धावांनी जिंकलो आणि मालिका खिशात घातली. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये सचिनने १११ काढल्या, त्याचं ९९ वं आंतरराष्ट्रीय शतक. त्या दिवशी १ बाद २६७ वरून आपण २९६ मध्ये आटोपलो. दक्षिण आफ्रिकेच्या डेल स्टेनच्या त्या स्पेलनंतर स्टँडमध्ये जी शांतता पसरली तशी मी पुन्हा कुठे अनुभवली नाही. २०१९ मध्ये दीपक चहरने बांगलादेशविरुद्ध ७ धावांत ६ बळी घेतले, तेही इथेच.

आणि गावाबाहेर असणं हा दोष कसा? १९८३ मध्ये मोटेराचं मैदान उभं राहिलं तेव्हा तेही अहमदाबादच्या बाहेरच होतं. तिथेच गावस्करच्या कसोटीतल्या दहा हजार धावा पूर्ण झाल्या, तिथेच कपिलने हॅडलीचा कसोटी बळींचा विक्रम मोडला. मग शहर चालत त्याच्याकडे आलं. वर्धा रोडवर आज काय बांधकाम चाललंय ते पाहा. तुमचा भाचा चाळिशीला येईल तेव्हा जामठा गावातच असेल.

बुटीबोरीची मीनल

मामा, राग मानू नका, पण 'गाव' म्हणजे बर्डी आणि धंतोली एवढंच का? आम्ही बुटीबोरीचे. हिंगणघाट, सेलू, वर्धा इथून येणाऱ्यांना जामठा रस्त्यात लागतं. जुन्या व्हीसीएला जायचं म्हणजे बाबांना आधी नागपुरात कुणाकडे तरी मुक्काम ठरवावा लागायचा. जामठ्याला आम्ही पाच बहिणी-भाऊ एका गाडीतून गेलो आणि रात्री घरी येऊन झोपलो. चालत जाता येतं हा आनंद मोठा आहे, मान्य. पण तो ज्यांची घरं जवळ आहेत त्यांचा.

रामटेकवाले आबा

मले दोन्ही मैदानं माहीत हायेत. जुन्या व्हीसीएत १९६९ ची पहिली टेस्ट झाली, न्यूझीलंडनं आपल्याले १६७ रननं हरवलं, त्याच्या गोष्टी आमच्या घरी बाबा सांगत. पुढं २००४ मध्ये ऑस्ट्रेलियानं हिरव्यागार पिचवर ३४२ रननं हरवलं अन् पस्तीस वर्षांनी भारतात मालिका जिंकली. तेही तिथंच. म्हणजे तुमच्या सिव्हिल लाईन्सनं आपल्याले रडवलंही पुष्कळ.

पण मामा, एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, ते मले खटकलं. नोव्हेंबर १९९५. न्यूझीलंडचीच वनडे. लंचच्या वेळी स्टँडची भिंत कोसळली अन् सामना पाहाले आलेली माणसं मेली. मी त्या दिवशी घरी रेडिओ ऐकत होतो. सामना पुढं चालू राहिला, अन् काय झालं ते आमाले संध्याकाळी समजलं. पोराले ते मैदान दाखवा, जरूर दाखवा, पण ८७ सांगाल तं ९५ बी सांगा. मैदानाची आठवण अर्धी सांगू नये.

धंतोलीचा मामा

आबा, तुमचं बरोबर आहे. मी ते टाळलं. सुचलं नाही असं नव्हे, मुद्दाम टाळलं. भाच्याला सांगेन.

मीनल, तुमचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. चालत जाता येणं हा निकष आता मी मागे घेतो.

पण खापरी नाका यांना उत्तर द्यायचंय. जामठ्यात खेळ मोठा झाला, यावर वाद नाही. पण देशातली मैदानं पाहायला गेलेला माणूस बहुतेक वेळा सामन्याच्या दिवशी जात नाही. रिकाम्या मैदानात काय उरतं, हा माझा प्रश्न आहे. चेपॉकमध्ये ३१ जानेवारी १९९९ ला पाकिस्तान १२ धावांनी जिंकलं. सचिनचं १३६ वाया गेलं आणि तरी लोकांनी उभं राहून पाहुण्या संघाला टाळ्या दिल्या. रिकाम्या चेपॉकमध्ये उभं राहिलं तरी ते लोक डोळ्यासमोर येतात, कारण ती माणसं अजूनही त्याच गल्ल्यांत राहतात. जामठ्याच्या रिकाम्या स्टँडमध्ये मला फक्त खुर्च्या दिसतात.

आणि परतीचं विसरू नका. मेट्रो खापरीला संपते. मागच्या एका सामन्यानंतर रात्री आम्ही दीड तास रस्त्यावर उभे होतो. एक ऑटोवाला माणशी जे भाडं मागत होता, त्यात आमचा घरी चौघांचा जेवणाचा खर्च निघाला असता. म्हातारी माणसं चालत निघाली होती, हायवेच्या कडेने, अंधारात. हे मैदान प्रेक्षकासाठी आहे असं मला मनापासून म्हणता येत नाही.

मानकापूरची ताई

मी शाळेपासून हॉकी खेळले. या सगळ्या चर्चेत नागपूर म्हणजे क्रिकेट, एवढंच दिसतंय म्हणून लिहिते.

तुमच्या यादीतलं सगळ्यात चांगलं नाव राउरकेला आहे. हावडा मेलमध्ये बसा, गाडी न बदलता पोचाल. बिरसा मुंडा स्टेडियममध्ये २० हजारांवर आसनं आहेत आणि २०२३ च्या वर्ल्ड कपसाठी ते सव्वा वर्षाच्या आसपास बांधून झालं. कुणी म्हणेल एवढ्याशा गावात एवढं मोठं कशाला. सुंदरगड जिल्ह्यात पोरं चालायला लागली की हातात बांबूची काठी घेऊन हॉकी खेळतात, म्हणून. भारताचा माजी कर्णधार दिलीप तिर्की तिथला. १३ जानेवारी २०२३ ला भारताचा स्पेनशी पहिला सामना झाला आणि पहिला गोल अमित रोहिदासने केला. तो तिर्कीच्याच गावचा, सौनामारा. घरच्या जिल्ह्यात, घरच्या लोकांसमोर. मामा, तुम्ही ज्याला 'गावाला चिकटून' म्हणता ते हे. अंतर किती यावर ते ठरत नाही.

आता नागपूर. भाच्याला आपलं गाव दाखवायचं तर मानकापूरच्या क्रीडा संकुलात पहाटे घेऊन जा. मोतीबागेच्या रेल्वे मैदानावर फुटबॉलची लीग लागली की मोमीनपुऱ्यातून येणारी माणसं पाहा, कोणता खेळाडू कोणत्या क्लबमधून कुठे गेला ते त्यांना तोंडपाठ असतं. धंतोलीत तुमच्या घराजवळ यशवंत स्टेडियम आहे. हिवाळी अधिवेशनात मोर्चे निघतात तेव्हाच लोकांना त्याचं नाव आठवतं. मला याचं फार वाईट वाटतं.

खासबागचा नागपूरकर

माझं मूळ गाव कोल्हापूर, गेली वीस वर्षं त्रिमूर्तीनगरात आहे. यादीत खासबाग पाहून बरं वाटलं, म्हणून दोन शब्द.

शाहू महाराजांनी परदेशात रोमचा आखाडा पाहिला आणि परत आल्यावर कुस्तीसाठी तसं मैदान करायला घेतलं. १९१२ मध्ये ते पुरं झालं. मध्यभागी लाल मातीचा हौद आणि सगळीकडून वर चढत जाणारी बैठक. त्यामुळे सगळ्यात शेवटी बसलेल्यालाही पैलवानाची पकड दिसते, मध्ये खांब नाही की काही नाही. माझे वडील म्हणत, खासबागेत वाईट जागा नसते. स्टेडियम कसं असावं याचा मला याहून चांगला निकष माहीत नाही. सगळ्यात स्वस्त तिकिटावरून काय दिसतं?

या निकषावर मी जामठ्याच्या बाजूने आहे. वरच्या मजल्यावरून चेंडू कुठे पडला ते स्वच्छ दिसतं. जुन्या व्हीसीएत मला खूपदा समोरच्या माणसाची टोपी दिसायची.

खापरी नाका

ताईंशी सहमत, मोतीबागेला मीही जातो.

मामांच्या रिकाम्या खुर्च्यांना माझं उत्तर आहे रणजी. विदर्भ पहिल्यांदा जिंकला तो इंदूरला, २०१८ च्या पहिल्या दिवशी. आपल्यातल्या बहुतेकांनी तो मोबाईलवर पाहिला. पुढच्याच मोसमाची फायनल जामठ्यात सौराष्ट्राशी झाली. आदित्य सरवटेने ११ बळी घेतले, पुजाराला दोन्ही डावांत त्यानेच काढलं, १ आणि ०. मग २०२५ ची फायनल, पुन्हा जामठा, समोर केरळ. आणि केरळकडून कोण खेळतंय? सरवटे! आपला पोरगा, आपल्याविरुद्ध, ७९ धावा. माझ्या शेजारी बसलेले काका त्याच्या प्रत्येक चौकाराला टाळी वाजवत होते आणि लगेच 'आता आऊट हो रे बाबा' म्हणत होते. केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ वर गेला तेव्हा अख्खा स्टँड उभा राहिला. आपल्या दानिश मालेवारचे १५३, आपल्याच करुण नायरचे १३५, पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी आणि तिसरी ट्रॉफी.

त्या पाच दिवसांत माझ्या आजूबाजूला कळमेश्वर, सावनेर, हिंगण्याची माणसं होती. ती माणसंही याच जिल्ह्यात राहतात. चेपॉकची माणसं तुम्हाला रिकाम्या मैदानात दिसतात आणि जामठ्याची दिसत नाहीत, कारण त्या पाच दिवसांत तुम्ही आला नव्हतात.

परतीच्या प्रवासाचं मात्र तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. त्यावर मी जामठ्याची बाजू घेणार नाही. खापरीपासून पुढे सामन्याच्या रात्री बस हवीच.

धंतोलीचा मामा

फायनलला आलो नव्हतो, खरं आहे. ऑफिसमधून स्कोअर पाहत होतो. सरवटेचं वाचून पाच मिनिटं गप्प बसलो.

तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. वानखेडेचंच बघा. ब्रेबॉर्नच्या तिकिटांवरून भांडण झालं म्हणून मुंबईने तिथून हाकेच्या अंतरावर दुसरं मैदान बांधलं. ज्यांचं नाव त्याला आहे ते बॅरिस्टर शेषराव वानखेडे आपल्या नागपूरचे. नवं मैदान हवं होतं, पण त्यासाठी चर्चगेट सोडलं नाही. नागपूरला ते का जमलं नसतं, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

बुटीबोरीची मीनल

चर्चगेटला लोकल होती, मामा. आमच्याकडे तेव्हा काय होतं?

धंतोलीचा मामा

भाच्याला सगळं वाचून दाखवलं. त्याने ठरवलं ते असं: पहिल्या दिवशी सकाळी पायी सिव्हिल लाईन्स, ८७ आणि ९५ दोन्ही. मग खापरीपर्यंत मेट्रो आणि पुढे जामठा. सामना नसताना आत सोडतील का, ते आधी विचारून ठेवतो. हावडा मेलची तिकिटं दुसऱ्या दिवशीची, आधी राउरकेला, मग ईडन. विदर्भाचा घरचा रणजी सामना त्याच आठवड्यात आला तर निघणं चार दिवस पुढे ढकलायचं. खापरी नाका, तसं झालं तर तुम्ही कोणत्या स्टँडमध्ये बसता ते कळवा.

खापरी नाका

या. बसायच्या जागेचं मी पाहतो. पिशवीत संत्री तेवढी आणा.